बाशिंगाच्या मागावर: वेंगुर्ला, आंबोली, तांबडी सुर्ला

बाशिंग हा झाडांवर आणि खडकांवर वाढणारा नेचा. तो नीट पाहायचा तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा गाठावा. पाऊस ओसरलेला असतो, पण खोडं अजून ओलसर असतात. हिरवी पानं पूर्ण वाढलेली असतात आणि त्यांच्या पाठीवर बीजाणू पिकत असतात. या दिवसांत किनाऱ्यावरून आंबोलीला आणि तिथून उतरून गोव्यात असा फेरा केला, की समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरपर्यंत हा नेचा कुठे राहतो, कुठे राहत नाही आणि का, हे एकाच प्रवासात कळतं.

शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. लिनियसने १७५३ मध्ये त्याची नोंद पॉलिपोडियम या प्रजातीत केली होती, पुढे जॉन स्मिथ यांनी त्याला ड्रायनेरियात आणलं. काही याद्यांत ॲग्लाओमॉर्फा क्वेर्सिफोलिया असं नाव दिसेल, वनस्पती तीच. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया ते फिजी असा त्याचा पसारा आहे. सिंगापूरमध्ये राहणाऱ्यांना तर त्यासाठी जंगलात जावंच लागत नाही. रस्त्याकडेच्या मोठ्या वर्षावृक्षांच्या फांद्यांवर मान वर केली की दिसतं.

सामान थोडंच लागतं: दहापट भिंग, टेप, दुर्बीण, बॅटरी, गुळगुळीत पांढऱ्या कागदाची पाकिटं आणि पेन्सिल. दमट हवेत शाई फुटते, म्हणून नोंदी पेन्सिलनेच कराव्यात. दुर्बीण विसरू नये, कारण बहुतेक बाशिंगं डोक्याच्या वर तीन-चार मीटरांवर असतात.

दिवस पहिला: वेंगुर्ला ते शिरोडा

सुरुवात किनाऱ्यावर केलेली बरी, कारण इथे बाशिंग डोळ्यांच्या उंचीवर भेटतं. जांभ्याच्या जुन्या गडग्यांवर (दगडी कुंपणांवर), विहिरीच्या कठड्यांवर आणि माडाच्या खोडावर ते हाताशी येतं. हीच झाडं मोजून घ्यावीत, म्हणजे पुढे उंचावरची ओळखताना चूक होत नाही.

पहिल्यांदा पाहणारा ज्याला वाळलेला पाचोळा समजतो, तिथूनच बघायला सुरुवात करावी. बाशिंगाला दोन तऱ्हेची पानं असतात. बुडाची पानं बिनदेठाची, रुंद, अंडाकृती, कडेला उथळ खाचा असलेली. लांबी २० ते ४० सेंमी आणि रुंदी त्याहून थोडी कमी. कोवळी असताना ती हिरवी असतात, पण काही आठवड्यांतच तपकिरी होतात, कागदासारखी खडखडीत होतात आणि मग गळत नाहीत, वर्षानुवर्षं तशीच राहतात. जुन्या पानातला मऊ भाग कुजून जातो आणि शिरांची जाळी तेवढी उरते. भिंगाखाली ती जाळी पाहावी: जाड शिरांमध्ये आडव्या शिरा, त्यांच्या चौकटीत आणखी बारीक चौकटी. पानाचा मांसल भाग गेल्यावरही ही चौकट पाचोळा अडवून धरायला पुरेशी भक्कम असते.

वरची हिरवी पानं वेगळी. त्यांना २० ते ३० सेंमीचा देठ असतो, देठाच्या दोन्ही कडांना अरुंद पंख, आणि पान ६० सेंमीपासून मीटरभर लांब. ते मध्यशिरेपर्यंत जवळजवळ पूर्ण चिरलेलं असतं, पण अगदी पूर्ण नाही. दोन खंडांच्या मध्ये हिरवी पट्टी राहतेच. खंड १५ ते २५ सेंमी लांब, ३ ते ५ सेंमी रुंद, टोकदार आणि चिवट. बीजाणू याच पानांवर येतात. बुडाच्या पानावर बीजाणू कधीच नसतात, म्हणून ते उलटून शोधत बसू नये.

ही सगळी पानं ज्यावर उभी असतात ते आडवं खोड बोटाएवढं ते अंगठ्याएवढं जाड, मांसल आणि पुढे सरकत वाढणारं. त्यावर गडद तपकिरी शल्कांचा (खवल्यांचा) दाट थर असतो. एक शल्क चिमटीने उचलून भिंगाखाली धरलं तर ते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, केसासारख्या टोकापर्यंत निमुळतं आणि कडेला बारीक दाते असलेलं दिसतं. या थरामुळे खोड उन्हात सुकत नाही आणि वाढीचा कोंब झाकलेला राहतो. कोंब जिथे आहे ते टोक फिकट आणि लुसलुशीत असतं. बाशिंग जिवंत आहे की नाही हे पाहायचं तर पानं सोडून या टोकाकडे पाहावं.

बाशिंग ही अपिवनस्पती. दुसऱ्या झाडावर बसते, पण त्याच्याकडून अन्न घेत नाही. अन्न-पाण्यासाठी तिने स्वतःची माती तयार करायची असते आणि बुडाची पानं त्याचसाठी आहेत. ती खोडाशी कोन करून उभी राहतात. वरून गळलेली पानं, साल, धूळ, किड्यांची विष्ठा त्यांच्यामागे साठते, कुजते, आणि बाशिंगाची मुळं त्या काळ्या कुजलेल्या थरात शिरतात. थर पावसात पाणी धरून ठेवतो आणि कुजताना नत्र देतो. बुडाची पानं ओरबाडून काढली, तर पाण्याची टाकी आणि खताचा खड्डा दोन्ही एकदम गेले.

आंब्याच्या बागांतून हेच नेमकं होतं, आणि ते थांबायला हवं. बाशिंगाला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडतात. खरं बांडगूळ फांदीत मुळं घुसवून रस ओढतं. जिथे ते शिरतं तिथे फांदीला गाठ येते, पुढची फांदी बारीक होते, आणि त्याला नळीसारखी नारिंगी-लाल फुलं येतात. बांडगूळ काढलंच पाहिजे, तेही फांदीसकट गाठीच्या खालून. बाशिंगाला फूल कधी येत नाही आणि त्याची मुळं सालीच्या वरच राहतात. ते खरवडताना आंब्याची साल मात्र फाटते, आणि फाटलेल्या सालीत खोडकिडा अंडी घालतो. एकच प्रसंग असा की बाशिंग उतरवणं योग्य ठरतं: फांदी आधीच किडलेली असेल आणि ओल्या कुजणीचं वजन तिला पेलवत नसेल. अशा वेळी किडकी फांदी कापावी आणि बाशिंगासह ती गडग्याच्या सावलीत ठेवावी.

माडावर बाशिंग चांगलं रुजतं, कारण झावळ्या पडल्यावर खोडावर राहिलेल्या वणांच्या कंगोऱ्यांत बीजाणू आणि धूळ अडकते. जुन्या आंब्याची, फणसाची खडबडीत सालही तितकीच सोयीची. जांभा सच्छिद्र असल्याने गडग्यावर ते उघड्या उन्हातही तग धरतं. सिमेंटने लिंपलेल्या नव्या भिंतीवर मात्र शोधून सापडणार नाही.

दिवस दुसरा: सावंतवाडी, दाणोली, आंबोली घाट

सावंतवाडीहून आंबोली सुमारे ३० किमी. दाणोलीपर्यंत रस्ता सपाट आहे आणि तिथून घाट सुरू होतो. हे अंतर घाई न करता पार करावं, कारण उंचीप्रमाणे सोबतची झाडं बदलताना इथे दिसतात. घाटात गाडी वळणावर थांबवू नये. रुंद जागा पाहून थांबावं आणि दुर्बिणीने वरच्या फांद्या पाहाव्यात.

पायथ्याशी ऐन, किंजळ आणि आंब्याच्या मोठ्या फांद्यांवर बाशिंगाचे गोलच्या गोल पट्टे दिसतात. आडवं खोड फांदीला वळसा घालत वाढतं, फाटे फुटतात आणि काही वर्षांत फांदीभोवती कडं तयार होतं. असे घट्ट गुंतलेले पुंजके वरून एकच झाड वाटले तरी ती एका खोडाची शाखाही असू शकते किंवा शेजारी रुजलेली वेगवेगळी रोपंही. खोड उलगडल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून नोंदवहीत ‘झाडं किती’ असं न लिहिता ‘पुंजके किती’ असं लिहावं.

नाणा या झाडावर बाशिंग क्वचितच दिसतं. त्याची साल गुळगुळीत, फिकट आणि पापुद्र्यांनी सुटणारी असते. बीजाणू रुजून रोप धरायच्या आतच पापुद्रा गळून पडतो. ज्या झाडाच्या दुबेळक्यात पाचोळा साठतो, तिथे नजर आधी टाकावी.

घाटातली दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे मुंग्या. कोवळ्या हिरव्या पानांवर, शिरांच्या बुडाजवळ गोड रस पाझरणाऱ्या ग्रंथी असतात. सकाळी नऊच्या आत पाहिलं तर मुंग्या त्या जागी थांबत थांबत फिरताना दिसतात. नेच्यांना फुलं नाहीत, त्यामुळे मध फक्त फुलातच असतो असं मानणाऱ्याला हे नवल वाटेल. पान जून झालं की रस थांबतो आणि मुंग्याही जातात. म्हणून हे पाहायला जून-जुलै अधिक चांगला. ऑक्टोबरात उशिरा फुटलेल्या एखाद्या पानावरच ते मिळतं.

बुडाच्या पानांमागे हात घालू नये. त्या ओल्या पोकळीत गोम, विंचू राहतात, आणि आंबोलीच्या परिसरात मलबारी चापडा हा विषारी साप झाडाझुडपांवर सर्रास असतो. आत पाहायचं तर बाजूने बॅटरीचा झोत टाकावा. तेवढ्यानेही थर दिसतात: वर न कुजलेली पानं, खाली तुकडे, सगळ्यात आत काळा भुसभुशीत भाग आणि त्यातून जाणारी तपकिरी, लोकरीसारखी मुळं.

दिवस तिसरा: आंबोली, हिरण्यकेशी, चौकुळ रस्ता

आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास. इतका पाऊस म्हणजे नेच्यांची चैन, असं वाटतं. नेच्यांच्या जाती इथे खरंच भरपूर आहेत, पण बाशिंग मात्र दाट रानाच्या आतल्या खोडांवर कमी आणि रानाच्या कडेला, रस्त्यालगत, उघड्या माळावरच्या खडकांवर अधिक दिसतं. त्याला प्रकाश लागतो. आतल्या गर्द सावलीतली ओली खोडं शेवाळं, पातळ पानांचे छोटे नेचे आणि मायक्रोसोरम व्यापून टाकतात.

मायक्रोसोरम मेम्ब्रॅनेशियम या नेच्याशी गल्लत होण्याची शक्यता आहे, कारण तोही झाडावर, आडव्या खोडाचा आणि मोठ्या पानाचा. फरक सोपा आहे. त्याचं पान अखंड, पातळ, उजेडासमोर धरलं तर आरपार उजेड दिसणारं. त्याला बुडाची तपकिरी पानं नसतात. पाऊस संपला की त्याचं अख्खं पान पिवळं पडून जातं. आंब्याच्या फांदीवर सरकणारा, जाड छोट्या जिभेसारख्या पानांचा नेचा म्हणजे पायरोशिया लॅन्सिओलाटा. त्याच्या पानाखाली ताऱ्याच्या आकाराचे केस असतात आणि कोरड्यात पान वळून घेतं.

बाशिंग कोरड्या दिवसांना तोंड देतं ते तिसऱ्याच रीतीने. हिरव्या पानाचे खंड एकेक करून गळतात आणि मध्यशीर काडीसारखी उभी राहते. एप्रिलमध्ये आलात तर फांदीवर खडखडीत तपकिरी पानं आणि त्यांतून वर निघालेल्या वाळक्या काड्या एवढंच दिसेल. ते मेलेलं नाही. पाणी मांसल खोडात साठलेलं असतं, कोंब शल्कांखाली शाबूत असतो, आणि पहिल्या पावसानंतर थोड्या दिवसांत गुंडाळलेली नवी पानं वर येतात. ‘मेलं’ म्हणून बागेतलं बाशिंग उपटून टाकण्याची चूक बहुतेक याच महिन्यांत होते.

हिरण्यकेशीच्या उगमाजवळ काही तोडू नये. हा परिसर २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. त्याला निमित्त झालेला शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा २०२० मध्ये शास्त्राला नव्याने कळला. देवरायांतही तोच नियम, आणि तो सरकारी कागदाच्या आधीपासूनचा आहे. नमुना हवाच असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. नुसत्या नोंदीसाठी तीन फोटो पुरतात: बुडाच्या पानांसकट पूर्ण पुंजका, हिरव्या पानाची पाठ आणि आडव्या खोडावरची शल्कं. फक्त हिरव्या पानाचा वरून काढलेला फोटो ओळख पटवायला निरुपयोगी.

पाठीचा फोटो का, तर जातीची पक्की खूण तिथेच आहे. खंडाच्या दोन बाजूच्या शिरांमध्ये बीजाणुधानींचे (बीजाणूंच्या बारीक पिशव्यांचे) गोल पुंज दोन ओळींत असतात. प्रत्येक ठिपका एक-दोन मिलिमीटरचा, त्यावर कसलंही झाकण नाही. आग्नेय आशियात वाढणाऱ्या ड्रायनेरिया स्पार्सिसोरा या जवळच्या जातीत हेच ठिपके ओळी न धरता विखुरलेले असतात. ओळी मोजायला घाई करू नये. कोवळ्या पानावर त्या पुसट असतात, पिकल्यावर स्पष्ट होतात.

दिवस चौथा: बांदा, साखळी, वाळपई, तांबडी सुर्ला

घाट उतरून गोव्यात. हा दिवस बराचसा गाडीत जातो. वाळपईनंतर रस्त्याकडेचे फणस आणि आंबे पुन्हा बाशिंगाने भरलेले दिसतात. तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेव मंदिर भगवान महावीर अभयारण्याच्या हद्दीत आहे, त्यामुळे इथे फक्त पाहणं आणि नोंद करणं. नदीकाठच्या मोठ्या झाडांवर दुर्बिणीने पाहताना एक फरक लक्षात घ्यावा: किनाऱ्यावरची बुडाची पानं लहान आणि एकमेकांवर घट्ट बसलेली, तर इथल्या दमट सावलीत ती मोठी, सैल आणि जास्त वेळ हिरवी राहिलेली असतात. जाती एकच, राहणी वेगळी. मोजमाप घेताना उजेड आणि उंची न लिहिता नुसते सेंटिमीटर लिहिले तर त्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

दक्षिणेत या नेच्यावर मोठा ताण आहे आणि त्याबद्दल बोलायलाच हवं. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरावर आणि येरकौडला त्याचं आडवं खोड ‘मुडवाट्टुकाल किळंगु’ म्हणून विकतात. सांधेदुखीवर त्याचं सूप करून पितात. विकायला नेतात ते पूर्ण खोड, आणि सगळे कोंब त्याच खोडावर असतात. पान तोडलं तर बाशिंग पुन्हा फुटतं. खोड नेलं तर त्या खडकावर पुन्हा बीजाणूपासूनच सुरुवात. ज्यांना औषधासाठी हवं आहे त्यांनी लागवड करावी, रानातलं ओरबाडू नये.

दिवस पाचवा: परतीच्या वाटेवर, बीजाणूंची पाकिटं

लागवड बीजाणूपासून करता येते. वेंगुर्ल्याच्या वाडीत मालकाला विचारून हिरव्या पानाचा एक खंड घेतला तरी पुरतो. पुंज तपकिरी झालेले, पण अजून फुगीर हवेत. हिरवट असतील तर कच्चे. फाटलेले, केसाळ दिसले तर बीजाणू उडून गेलेले.

खंड पाठ खाली करून गुळगुळीत पांढऱ्या कागदावर ठेवावा, वर दुसरा कागद, त्यावर हलकं पुस्तक, आणि कोरड्या, वारा नसलेल्या जागी दोन दिवस ठेवावा. नंतर कागदावर पिवळसर-तपकिरी भुकटी पडलेली असते. ती सगळी बीजाणूंची नसते. त्यात फुटलेल्या बीजाणुधानींचा भुसा असतो आणि तोच बुरशी आणतो. कागद थोडा तिरपा करून बोटाने टिचक्या माराव्यात. भुसा घरंगळतो, बारीक बीजाणू कागदाला धरून राहतात. ते कागदाच्याच पाकिटात, तारीख आणि जागा लिहून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि सगळं फुकट जातं.

पेरायला झाकणाचा पारदर्शक डबा, तळाला विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, वर दोन सेंमी चाळलेला कोकोपीट. त्यावर उकळतं पाणी ओतून झाकण लावून थंड होऊ द्यावं. हे टाळलं तर बीजाणूंच्या आधी शेवाळ उगवतं. गार झाल्यावर कागद वर धरून हलके टिचकवावा. जाड थर नको. वर माती घालायची नाही, कारण रुजायला उजेड लागतो. डबा खिडकीजवळ, पण थेट उन्हाबाहेर ठेवावा, आणि पाणी उकळून गार केलेलंच शिंपडावं.

साधारण दोन ते चार आठवड्यांत हिरवी झाक येते, दोन-तीन महिन्यांत हृदयाच्या आकाराचे, पाच-सात मिलिमीटरचे प्रोथॅलस, म्हणजे बीजाणूतून आधी उगवणारे चपटे हिरवे तुकडे. यांच्या खालच्या बाजूला नर आणि मादी अवयव असतात आणि पुंजननपेशी पोहत जातात. म्हणून या टप्प्यावर आठवड्यातून एकदा पाण्याची बारीक फवारणी करावी, नाहीतर प्रोथॅलस महिनोन्‌महिने तसेच बसून राहतात. खूप दाटी झाली असेल तर चिमट्याने छोटे तुकडे करून दुसऱ्या डब्यात हलवावेत.

पहिली पानं साधी, अखंड आणि नखाएवढी येतात. खाचा नसल्यामुळे भलताच नेचा उगवला असं समजून फेकू नयेत. रोप पाच सेंमीचं झालं की झाकण दर दिवशी थोडं अधिक उघडत दोन आठवड्यांत काढावं. मग खडबडीत सालीच्या फळकुटावर किंवा माडाच्या सोडणावर काथ्याने बांधावं. तार वापरू नये, ती खोडात रुतते. आडवं खोड मातीत पुरलं तर ते कुजतं, म्हणून त्याच्या खाली ओलं शेवाळ घालावं आणि कोंबाचं टोक उघडं ठेवावं. बुडाची पानं यायला वेळ लागतो, आणि ती येईपर्यंत रोपाला पाचोळा साठवायची सोय नसते. तोवर महिन्यातून एकदा मूठभर कुजलेला पालापाचोळा खोडाच्या मागे आपणच भरायचा.